झऱ्याखालचा उतार

ताईंनी नोकरीच्या एकतीस वर्षांत एकशे चाळीस डोंगर काढले होते आणि त्यातला एकही चढला नव्हता. नकाशा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, त्यांचं तिरकं टेबल होतं. मोजणीवाले उन्हातान्हात फिरून उंचीचे आकडे आणायचे आणि ताई त्या आकड्यांवरून समान उंचीच्या रेषा काढायच्या. रेषा खेटून आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. हाताखालच्या कुणाची रेष जरा हलली की ताई चष्मा कपाळावर सरकवून "केसभर सरकलंय" म्हणायच्या आणि कागद परत द्यायच्या. ऑफिसात त्यांचं नाव 'केसभर' पडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं.

प्रत्यक्ष उंचीचं मात्र त्यांना वावडं. माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढायचं तर एका हाताने कपाट धरायचं आणि दुसऱ्या हाताने बहिणीला हाक मारायची, म्हणजे बॅग शेवटी बहिणीनेच काढायची. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्यांच्यासाठीच केली असावी. त्यांनी तर ते दुरून साजरे करण्याचा पगार घेतला.

बहीण धाकटी, शाळेत खेळाची शिक्षिका. दोघी एकाच घरात राहायच्या. एकीचं लग्न झालं नव्हतं, दुसरीचं टिकलं नव्हतं. धाकटी सव्वीस वर्षं गावामागच्या डोंगरावर शाळेच्या मुलांना घेऊन जात होती, आणि सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसांचा एक गट. आठ महिन्यांपूर्वी मुलांच्या सहलीसाठी नवी वाट बघायला ती एकटीच डोंगराच्या मागच्या अंगाला गेली. तिकडे फारसं कुणी जात नसे. दाट धुकं होतं, म्हणून ती नकाशा बघत चालली होती. झऱ्याजवळून खाली उतरताना ती घसरली आणि घळीत पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. अर्धा दिवस ती तिथंच पडून होती, मग गटातले दातांचे डॉक्टर आणि आणखी दोघं खालच्या बाजूने शोधत आले आणि तिला उचलून घेऊन गेले.

हाड जुळलं. हॉस्पिटलने आता पळायलाही हरकत नाही म्हणून सांगितलं. पण धाकटीने काठी सोडली नाही आणि डोंगराचं नाव काढलं नाही. शाळेला तिने पत्र दिलं की सहली आता दुसऱ्या कुणाकडे द्याव्यात.

"पाय मोडला त्याचं काही नाही गं," ती एकदा भांडी विसळताना ताईंना म्हणाली. "डोकं गेलं त्याचं वाईट वाटतं. झऱ्याखाली उतार सोपा आहे. नकाशात स्पष्ट दिसतंय, मोकळी जागा आहे. मी तर कड्यावरून पडले. म्हणजे मी झऱ्यापाशी नव्हतेच, भलतीकडेच होते. सव्वीस वर्षांनी आपण कुठे उभ्या आहोत हे मला कळलं नाही. उद्या मागे वीस पोरं असताना असं झालं तर?"

ताई पुसत होत्या ती बशी त्यांनी पुन्हा एकदा पुसली.

कारण तो नकाशा त्यांचाच होता. एकोणीस वर्षांपूर्वीचा. साहेबांनी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं आणि अजून तो ऑफिसच्या जिन्यात काचेखाली लावलेला होता. त्या झऱ्याचं नाव चांगलं लांबलचक होतं आणि जागा अरुंद. अशा वेळी नियम सोपा असतो: रेषा तोडायच्या, मधल्या जागेत नाव लिहायचं. वाचणारा दोन्ही टोकं मनातल्या मनात जोडून घेतो. पण त्या दिवशी रेषा इतक्या देखण्या उतरल्या होत्या की तोडायचं ताईंच्या जिवावर आलं. त्यांनी त्या तोडल्या नव्हत्या, असं त्यांना आठवत होतं. त्यांनी त्या थोड्या सरकवल्या होत्या. काही नावाच्या वरून नेल्या, काही खालून. नाव मधल्या मोकळ्या जागेत ऐसपैस बसलं होतं.

पण मुळात तिथं मोकळी जागा होती की नव्हती? किती रेषा सरकवल्या? ते काही केल्या आठवेना. मोजणीवाल्यांच्या वह्या ऑफिस हललं तेव्हा ओल लागून गेल्या होत्या. आता खरं काय ते एका डोंगरालाच माहीत होतं.

ही शंका आली तेव्हा अपघाताला दोन महिने झाले होते. पुढचे काही महिने ताई रोज स्वतःला सांगत राहिल्या की बघायला तर हवं, पण आपल्याच्याने डोंगर कसा चढवेल? कारण खोटं नव्हतं. त्यामुळे ते पुरवून पुरवून वापरता आलं.

शेवटी एके दिवशी त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दाढ दुखत नव्हती, पण आत जायला काहीतरी सांगावं लागतं. डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, तोंड उघडायला लावलं, आरसा आत घातला आणि मग विचारलं, "बोला ताई, काय होतंय?" तोंड मोकळं झाल्यावर ताईंनी सगळं सांगितलं.

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "मी जाऊन बघून येतो की. पण मला उतार म्हणजे उतार. तुमची कुठली रेष कुठे हवी होती ते मला काय कळणार?"

"तुम्ही जायचं नाही," ताई म्हणाल्या. "माझी चूक दुसऱ्याने बघून यायची आणि मी घरी चहा पीत बसायचं, असं नाही चालणार. मला चढायला शिकवा."

"वय?"

"छप्पन्न. आणि मी भित्री आहे."

"भित्रं माणूस बरं. ते बघून पाय टाकतं. आमच्याकडे तुमच्या बहिणीसारखे धीट लोकच पडतात."

धाकटीला रविवारी ऑफिसात जादा काम आहे म्हणून सांगितलं. पहिल्या रविवारी डॉक्टरांनी त्यांना गावाबाहेरच्या एका टेकाडावर नेलं. दोन मजल्यांएवढं असेल. तिसऱ्याच दगडावर ताईंचा उजवा पाय शिवणयंत्रासारखा टकटक हलायला लागला. त्या होत्या तिथं बसल्या आणि म्हणाल्या, "झालं. घरी चला."

"चवड्यावर उभ्या राहिलात की असं होतं," डॉक्टर म्हणाले. "टाच खाली टेका. अख्खा तळवा दगडाला द्या." टाच टेकल्यावर पाय खरंच थांबला. ताईंना याचं फार आश्चर्य वाटलं. त्यांना वाटायचं थरथर मनातून येते, तर ती टाचेतून येत होती.

मग एकेक गोष्ट शिकून झाली. दोन हात आणि दोन पाय, त्यातलं एका वेळी एकच उचलायचं, बाकी तीन जागेवर. घाबरून डोंगराला बिलगायचं नाही. बिलगलं की पाय सटकतात, अंगाचा भार सरळ पायांवर ठेवायचा. दरीकडे बघायचं नाही, आणि डोळेही मिटायचे नाहीत, पुढच्या दोन पावलांची जागा तेवढी बघायची. उतरताना फार उभं असेल तर तोंड डोंगराकडे करून शिडीसारखं उतरायचं, आणि तेही नाही जमलं तर सरळ बसून घसरायचं.

"बसून? लोक हसतील," ताई म्हणाल्या.

"हसणारे मागून येतात, त्यांना फक्त तुमची पाठ दिसते," डॉक्टर म्हणाले. फार कठीण जागा आली की ते "थोडंसं जाणवेल" म्हणायचे. ते ऐकलं की ताई आधीच दोन्ही हातांनी काहीतरी धरून ठेवायच्या.

पाच रविवार गेले. भीती कमी झाली असं नाही. ती तेवढीच होती, पण तिच्यासोबत पाय टाकता यायला लागला होता. सहाव्या रविवारी दोघं पहाटे डोंगराच्या मागच्या अंगाला निघाली.

पहिले दोन तास सुटे दगड. पाऊल टाकावं तर दगडच निघून जावा. ताई लहान लहान पावलं टाकत, काठी आधी रोवत, एकेक दगड पायाने दाबून बघत चालल्या. पाण्याच्या बाटलीचं बूच उघडायलासुद्धा त्या खाली बसायच्या. मग कड्याच्या कुशीतून जाणारी वाट आली, दोन विटांएवढी रुंद. डावीकडे भिंतीसारखा खडक, उजवीकडे काही नाही.

"थोडंसं जाणवेल," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी तोंड खडकाकडे केलं आणि एकेक पाऊल आडवं सरकवत निघाल्या. मध्यावर त्या थांबल्या. ना पुढे जाववेना ना मागे. नाकासमोर खडकावर शेवाळाचा एक ठिपका होता. त्यांनी तो इतका निरखून बघितला की पुढे कितीतरी दिवस तो त्यांना काढून दाखवता आला असता.

"ताई, परत फिरायचं तरी एवढंच अंतर आहे," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "हवं ते करा, पण टाच टेका."

ताईंना घळीत अर्धा दिवस एकटी पडलेली धाकटी आठवली. तिने तिथं कुणाला हाक मारली असेल? लहानपणापासून ती एकच हाक मारायची. ताईंना रडू आलं, आणि रडत रडतच त्या उरलेली पावलं सरकल्या, कारण डोळे पुसायला हात सोडायची हिंमत नव्हती.

झरा आला. खडकाच्या फटीतून मनगटाएवढी धार, खाली छोटं डबकं. त्याच्यापुढे चार पावलं गवत आणि मग नुसतं आभाळ.

ताई पोटावर झोपल्या. डॉक्टरांनी त्यांचे घोटे धरले. तशाच सरपटत त्या कडेपर्यंत गेल्या आणि त्यांनी डोकं पुढे काढून खाली बघितलं.

उतार नव्हताच. सरळ तुटलेला कडा, मध्ये दोन अरुंद टप्पे, खाली घळ. एकतीस वर्षं आकड्यांवरून डोंगर काढलेल्या बाईला त्याची उंची मोजायला दोरी लागत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच रेषा इथं एकावर एक चिकटून हव्या होत्या, आणि त्यांनी त्या नावाला जागा करून देण्यासाठी दोन्हीकडे वाटून टाकल्या होत्या. कागदावर केसभर. इथं वीस पावलं, आणि ती सगळी हवेत.

"घळ हीच," डॉक्टर मागून म्हणाले. "त्या तिथं, त्या पांढऱ्या दगडापाशी सापडल्या."

ताई बराच वेळ तशाच पडून होत्या. लाज वाटत होती, नुसती लाज. डॉक्टरांनी घोटे सोडले नाहीत.

उतरताना बहुतेक वाट त्या बसूनच उतरल्या. घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळचं ऊन स्वयंपाकघरात आलं होतं आणि धाकटी टेबलापाशी मुलांच्या हजेरीचे कागद लावत होती. तिने ताईंचे खरचटलेले तळवे बघितले, मागून फाटलेली पँट बघितली.

"ऑफिसात मारामारी झाली का गं?"

"तू पडलीस ती जागा झऱ्याखालचीच होती," ताई म्हणाल्या.

"नाही गं. तिथं तर उतार..."

"तिथं कडा आहे. मी बघून आले."

"तू?" धाकटी हसायला लागली. "स्टुलावर चढ आधी."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी हजेरीचाच एक कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि उभ्या उभ्या काढून दाखवलं: रेषा कशा हव्या होत्या, नाव कुठे होतं, आणि मग त्यांनी काय केलं. "तोडायला हव्या होत्या. मी सरकवल्या. छान दिसावं म्हणून. तू जिथं समजत होतीस तिथंच उभी होतीस. मी तिथं सपाटी काढून ठेवली होती."

धाकटीने कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "आठ महिने मी सगळ्यांना सांगतेय की मला आता रस्ता कळत नाही."

"हो."

"पोरांना सांगितलं मी तसं. तुला शंका कधी आली?"

हा प्रश्न येणार हे ताईंना कड्यावरच कळलं होतं. "सहा महिने झाले."

"सहा महिने? आणि तू रोज माझ्यासमोर बसून जेवलीस?"

"डोंगराची भीती वाटत होती," ताई म्हणाल्या, आणि ते बोलल्याबरोबर त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "नाही. डोंगर तर चार तासांचा निघाला. तुझ्यासमोर चुकायची भीती वाटत होती. तू पडलीस तरी माझा नकाशा बरोबर राहावा असं मला वाटत होतं. एवढं मोठं माझं मन."

धाकटी उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. ताईंनी दोन ताटं वाढली आणि दोन्ही झाकून ठेवली.

सोमवारी ऑफिसात जाऊन चूक लेखी कळवायची होती. त्याचा मजकूर ताई सकाळीच टेबलापाशी बसून लिहीत होत्या. धाकटी खोलीतून आली, ताईंकडे न बघता तिने मोबाईल उचलला आणि खिडकीशी उभी राहिली.

"नमस्कार सर. ते सहलीचं पत्र मी दिलं होतं ना, ते परत द्या मला." पलीकडून मुख्याध्यापक काहीतरी बराच वेळ बोलत होते. तब्येत, वय, जबाबदारी, असं काहीतरी असणार. धाकटीची पाठ ताठ होती. काठी आतच राहिली होती.

"नाही सर," ती म्हणाली, "मला रस्ता चांगला माहीत आहे. तेव्हाही माहीत होता."