कूलरमागची धार

टाकी आजही दुपारच्या आतच रिकामी झाली!

सक्करदऱ्यातल्या त्या आवारात तीन बिऱ्हाडं राहत होती आणि तिघांत मिळून गच्चीवर सिमेंटची एकच टाकी होती. पहाटे नळाला पाणी आलं की टाकी भरायची आणि तिन्ही घरांनी दुसऱ्या पहाटेपर्यंत त्यावर भागवायचं. इतकी वर्षं भागलंही होतं. त्या वर्षी मात्र मे महिना लागला आणि भर दुपारी नळातून नुसती हवा यायला लागली.

घरमालक रुपराव बाहेरगावी, मौद्याला राहत. टाकीची देखरेख त्यांनी आनंदरावांकडे दिली होती. आनंदराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. शिस्तीचे, वेळेचे पक्के आणि मनाने वाईट मुळीच नव्हते. पण टाकी रिकामी होते म्हणजे कुणीतरी पाणी उधळतंय, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि ते कोण, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यांनी अंगणात उभं राहून हाक मारली, "मनकर्णाबाई! जरा बाहेर या."

मनकर्णा ओले हात पदराला पुसत आली. तिचा नवरा कवडू कापडाच्या गिरणीत कामाला होता. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि घरात पंधरा-वीस दिवसांचं तान्हं होतं.

"तुमच्या घरी दिवसभर धुणं चालू राहते," आनंदराव म्हणाले. "टाकी तुमच्या एकट्याची हाये का?"

"बाळंतिणीचं धुणं हाये, भाऊ. पण मी दोन बादल्यांतच काढतो. वरून नळ सोडून ठेवत नाही कधी."

"मंग पाणी जाते कुठं? सिंधूताई एकट्या. त्यांना काय लागते? आमच्या घरी आमी दोघं. उरलं कोणाचं घर?"

रात्रपाळी करून आलेला कवडू दारात येऊन उभा राहिला होता.

"उद्यापासून तुमच्या पाइपाची चावी मी सकाळी थोडा वेळ उघडीन," आनंदरावांनी निकाल दिला. "तेवढ्यात भरून घ्या. मंग बंद!"

"साहेब, पाणी बंद नका करू," कवडू हळू आवाजात म्हणाला. "आमच्या बापानं पाण्यापायी लय नाही-नाही ऐकलं. छप्पन साली दीक्षा घेतली, म्हटलं आता सुटलं. आमच्या पोरीनं तरी हे ऐकू नये."

आनंदराव एकदम उसळले. "जातपात मधात आणू नका! मी तसलं काही मानत नाही. हा पाण्याचा हिशेब हाये."

ते खोटं बोलत नव्हते. आपण तसलं काही मानत नाही, अशी त्यांची खरोखरच समजूत होती.

आनंदरावांची बायको प्रेमिला पडद्याआड उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिचा जीव आत कासावीस होत होता, पण ती बाहेर आली नाही.

त्याच वर्षी आनंदरावांनी कूलर घेतला होता. आवारातला तो पहिलाच कूलर. बादलीने पाणी भरायची कटकट नको, म्हणून त्यांनी टाकीच्या पाइपातून एक नळी थेट कूलरमध्ये आणून तिला फ्लोट बसवून घेतला होता. पितळेचा एक व्हॉल्व्ह, त्याला दांडी आणि दांडीच्या टोकाला पोकळ गोळा. कूलरच्या टपात पाणी चढलं की गोळा तरंगत वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं. टपाच्या कडेला एक भोक होतं. पाणी जास्त झालंच तर ते तिथून मागच्या अरुंद बोळीत, नालीत पडायचं. त्या बोळीत कुणी फिरकत नसे. कूलरच्या पंख्याच्या घरघरीत मागचा आवाज ऐकूही येत नसे.

"बोळीत पाणी पडून राहिलं म्हणून मी तुमाले कितीदा सांगतलं," प्रेमिला त्या दुपारी म्हणाली. "अगोदर टिपटिप होतं. आता बरंच पडते. एकदा खोलून पाहा ना."

"टिपटिपीनं टाकी रिकामी होते का वं? येत्या रविवारी पाहू."

"तुमी मागच्याही रविवारी असंच म्हटलं होतं."

आनंदरावांनी कूस बदलली. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून गार, सुगंधी वारा येत होता. त्यांना लगेच झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून आनंदरावांनी मनकर्णाच्या पाइपाच्या चावीला, म्हणजे कॉकला, कुलूप घातलं आणि तिच्या घरचा नळ बंद झाला. सकाळी जेवढं भरता येईल तेवढं ती भरून घेई, पण भांडी ती कितीशी असणार! बाळंतिणीची आंघोळ आणि तान्ह्याचे लंगोट यांतच पाणी संपायचं. मग कवडू रात्रपाळी संपवून घरी आला की न झोपता सायकलला दोन डबे अडकवून निघायचा. तळ्याच्या पलीकडे सार्वजनिक नळ होता. तिथे रांग लागलेली असे. भट्टीसारख्या उन्हात तो त्या रांगेत उभा राही. मनकर्णा म्हणे, "जराक झोपा ना हो, डोळे पाहा कसे लाल झाले." तो म्हणे, "पोरीचं होऊ दे, मंग झोपतो."

टाकी तरीही दुपारी रिकामी होत होती, पण मनकर्णा सकाळीच जास्त पाणी उपसत असणार, असं आनंदराव धरून चालले होते. तो रविवार उजाडला. ऊन असं तापलं होतं की रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. आनंदराव जेवून कूलरसमोर आडवे झाले होते. इतक्यात दार धाडधाड वाजलं.

"आनंदराव! उठा! कवडू पडला!"

दारात सिंधूताई होत्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि निवृत्त होऊन इथे एकट्याच राहत. त्यांचा आवाज चढलेला आनंदरावांनी आजवर कधी ऐकला नव्हता.

कवडू फाटकातच कोसळला होता. सायकल आडवी पडली होती, डबे उपडे झाले होते आणि सांडलेलं पाणी पाहता पाहता वाळून चाललं होतं. मनकर्णाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचं अंग तापलेल्या तव्यासारखं भाजत होतं, पण घामाचा एक थेंब नव्हता. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. तोंडातून काहीतरी असंबद्ध येत होतं.

"लू लागली, उष्माघात आहे!" सिंधूताई म्हणाल्या. "सावलीत घ्या. सदरा काढा. पाणी आणा, आधी पाणी! अंग भिजवल्याबिगर याले हलवता येत नाही."

आनंदराव धावले. घरातला नळ सोडला. हवा! सिंधूताईंचा नळ सोडला. हवा! जिना चढून ते टाकीपाशी गेले, झाकण उचललं. तळाशी नुसता ओला गाळ होता.

"पाणी नाही!" ते वरूनच ओरडले.

खाली मनकर्णा हंबरडा फोडत होती. "कोणी पाणी द्या हो! माझ्या माणसाले पाणी द्या!"

आणि प्रेमिला दारातून ओरडली, "कूलरमधी हाये! कूलर भरला हाये!"

आनंदराव धडपडत खाली आले आणि त्यांनी कूलरची बाजूची ताटी ओढून काढली. टप काठोकाठ भरला होता! कडेच्या भोकाची धार नुकतीच थांबली असावी, तिथून अजून थेंब गळत होते. आणि तो पोकळ गोळा पाण्यावर तरंगत नव्हता, पार बुडाला होता. त्यांनी तो वर उचलला तर हाताला जड लागला. आत पाणी खळखळलं. गोळ्याला बारीक भोक पडलं होतं, तो पाण्याने भरला होता आणि व्हॉल्व्ह कोण जाणे किती दिवसांपासून उघडाच राहिला होता. रोज पहाटे भरलेली टाकी या नळीने उतरत होती, कूलरमध्ये पडत होती आणि बोळीतल्या नालीत वाहून जात होती.

त्यांना सगळं एका क्षणात कळलं. पण उभं राहायला वेळ नव्हता. प्रेमिलाने टपात बादली बुडवली आणि ती त्यांच्या हातात दिली. "पळा!"

बादलीमागून बादली गेली. सिंधूताईंनी चादरी भिजवून कवडूच्या अंगावर टाकल्या, मानेखाली आणि काखेत ओले फडके ठेवले. मनकर्णा पुठ्ठ्याने वारा घालत होती. टप संपला. कवडू अजून तसाच होता.

"आणखी पाणी!" सिंधूताई म्हणाल्या.

आनंदराव बादली घेऊन गल्लीत पळाले. पायात चप्पल नव्हती. पहिल्या घरातल्या बाईने दार किलकिलं केलं. "आमच्याच घरी पुरत नाही," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातल्या माणसाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमी तं आवाराचं पाणी पाहता ना? तुमच्या इथंच नाही का पाणी?"

"नाही गा," आनंदराव हात जोडून म्हणाले. "माणूस मरून राहिला. एक बादली द्या. तुमच्या पाया पडतो!"

आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या दारात पाणी मागत उभे होते. तो माणूस विचार करत होता आणि तो एक क्षण त्यांना संपता संपेना. रोज याच उन्हात कवडू रांगेत उभा होता. आणि आपण गार वाऱ्यात झोपलो होतो! त्या माणसाने शेवटी बादली भरून दिली.

सायकलरिक्षात कवडूला घालून त्यांनी मोठ्या दवाखान्यात नेलं. आनंदराव रिक्षामागे अनवाणी धावत गेले.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात ते सगळे संध्याकाळपर्यंत थांबून होते. डॉक्टर दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा "आताच काही सांगता येत नाही" एवढंच म्हणाले. मनकर्णा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिचं रडणंही आटलं होतं.

आनंदराव सिंधूताईंजवळ जाऊन म्हणाले, "ताई, फ्लोट खराब होता. मले माहीत नव्हतं."

"पाणी पडते, हे माहीत होतं ना?"

"होतं. प्रेमिलानं सांगतलं होतं."

"फ्लोट कोणाचाही खराब होते, आनंदराव. लोखंड-पितळेची वस्तू आहे, झिजणारच. त्याचा दोष मी तुमाले देत नाही. पण आवारात तीन घरं होती. पाणी कुठं जाते हे पाहायचं होतं, तं तुमी तिन्ही घरं पाहायला पाहिजे होती. तुमी स्वतःचं घर सोडून दिलं. माझंही सोडून दिलं. बोट सरळ मनकर्णाकडेच काहून गेलं?"

"तिच्या घरी धुणं होतं, म्हणून..."

"फक्त म्हणून?" सिंधूताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "की तिच्यावर बोट ठेवलं तं ती उलटून बोलणार नाही, हे तुमाले ठाऊक होतं म्हणून? तुमी म्हणता, मी जातपात मानत नाही. चांगली गोष्ट आहे. पण मनाच्या एका कोपऱ्यात ती बसून राहते आणि अशा वेळी बोट धरून आपल्याले तिकडेच नेते. मनातलं पाहायले कोणी दुसरा येत नाही. ते आपलं आपल्यालेच पाहावं लागते!"

कचेरीत इतकी वर्षं आनंदराव प्रत्येक कागद दोनदा तपासून सही करत आले होते. आणि इथे, एका माणसाच्या जिवाशी गाठ असताना, त्यांनी एकदाही ताटी उघडून पाहिली नव्हती!

कवडूने दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. त्याने मनकर्णाला ओळखलं, पण जीभ जड झाली होती आणि उजवा हात थरथरत होता. जीव वाचला, पण गिरणीतल्या गरम खात्यात हा माणूस आता काम करू शकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आनंदराव घरी आले ते थेट कूलरकडे गेले. बाजारातून त्यांनी नवा गोळा आणि रबरी चकतीचं नवं वायसर आणलं होतं. प्रेमिलाने पाना हातात दिला. त्यांनी जुना गोळा काढला, व्हॉल्व्ह खोलून आतलं फाटलेलं वायसर बदललं, दांडीला किंचित खाली बाक दिला आणि नळी सोडली. पाणी चढलं, गोळा उचलला गेला, धार बारीक झाली आणि थांबली. सारं काम चहा उकळायला लागतो त्याहून थोड्याच जास्त वेळात झालं.

"एवढंच होतं?" प्रेमिला म्हणाली आणि रडू लागली. "मी त्या दिवशी अंगणात येऊन बोलली असती तं कवडूभाऊ धडधाकट राहिले असते. मीही गप्प बसली!"

कवडू घरी आला त्या दिवशी आनंदरावांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. शेजारचे चार लोकही आले. त्यांनी काही लपवलं नाही. पाणी आमच्याकडून वाया जात होतं, चोर मी मनकर्णाबाईंना ठरवलं आणि त्याची शिक्षा कवडूभाऊंनी भोगली, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. ते मनकर्णापुढे वाकू लागले तेव्हा ती मागे सरकली.

"पाया पडू नका, भाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तुमच्या पाया पडण्यानं यांच्या हाताचं कापणं थांबत नाही. माफ केलं असंही मी आज म्हणत नाही. पुढं म्हणीन का, ते मले माहीत नाही. पण एक करा. हे पुन्हा कोणाच्या घरी होऊ देऊ नका."

आनंदरावांनी ते शब्द खाली पडू दिले नाहीत. मनकर्णाच्या पाइपाच्या चावीचं कुलूप त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं. खटपट करून, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, त्यांनी कवडूला एका शाळेत सावलीतलं काम मिळवून दिलं. आणि दर उन्हाळ्याच्या तोंडी ते पाना-वायसर घेऊन गल्लीतल्या घरोघरी जाऊ लागले. "तुमच्या कूलरचं पाणी मागं कुठं जाते, पाहिलं का?" ते विचारत. कुणी हसे, कुणी चिडे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे सगळं ठीक आहे हो. पाणी तं त्या टोकाच्या झोपड्यांतले लोक उधळतात."

"असू शकते," आनंदराव शांतपणे म्हणाले. "पण पहिले तुमची ताटी काढू."

वाचकहो, पाणी कुणा एकाच्या मालकीचं नसतं. आपल्या घरातून वाया गेलेली प्रत्येक बादली दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून हिरावलेली असते. आणि टंचाई आली की दोष देण्यासाठी आपण दुबळं घर शोधतो, कारण तिथून उलट उत्तर येत नाही. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरातली गळती शोधा, आणि मनातलीही! ती सापडली तर उद्यावर टाकू नका. दुरुस्तीला लागणारा वेळ थोडा असतो. न केलेल्या दुरुस्तीची भरपाई मात्र कधीकधी जन्मभर होत नाही, आणि तिची शिक्षा बहुतेक वेळा भोगतो कुणी दुसराच.