बरण्यांची राखण

शिकलेल्या माणसाची एक खोड असते. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही, ती जगात कोणाच्याच कामाची नाही असं त्याला वाटतं. समीक्षा तशीच. पोरगी हुशार, मनानं निर्मळ, पण शेवटी शिकलेलीच की.

नाशिकच्या एका प्रयोगशाळेत ती यीस्टवर काम करायची. यीस्ट म्हणजे खमिरातला जीव, डोळ्यांना न दिसणारा. फळाच्या रसातली साखर तो खातो, तिची दारू करतो आणि खाता खाता नाना तऱ्हेचे वास सोडतो. कोणत्या यीस्टनं वाइनला गुलाबाचा वास येतो, कोणत्यानं पिकल्या केळ्याचा, हे शोधायचं तिचं काम. नांदुऱ्याजवळच्या तिच्या गावात मात्र एवढंच ठाऊक, की रंगरावची पोरगी दारूची डॉक्टर झाली. यावर लोक पारावर पोट धरून हसले. कारण रंगराव एके काळी किती प्यायचा, हे अख्ख्या गावानं पाहिलेलं.

त्या पौषात समीक्षाच्या डोक्यात गावठी बोरं बसली. बांधावरच्या बोरांच्या सालीवर जे रानटी यीस्ट असतं, त्यानं रस आंबवला तर वास कसा येतो, हे तिला पाहायचं होतं. बोरं नाशिकला नेली की वाटेत दबायची आणि भलतंच काही आंबायचं. म्हणजे जिथलं बोर तिथंच आंबवायला हवं. तिनं मोठ्या काचेच्या बरण्या आणल्या आणि घरातल्या मागच्या खोलीत मांडल्या.

तिची आई गीताबाई दारातच आडवी उभी राहिली. "हे घरात नको ठेवू वं बाई."

"माय, हा प्रयोग हाय. दारू नाही."

"आज नाही. उद्या होईन ना?"

"बाबाले दारू सोडून किती वर्सं झाली. आता काऊन भेतं तू?"

"दुधानं तोंड पोयलं हाय माहं," गीताबाई म्हणाली. "मी ताकही फुकूनच पिईन."

बाईचं तोंड पोळलं होतं हे खरंच. समीक्षाच्या दहावीच्या पेपरच्या दिवशी सकाळी रंगराव पिऊन दारात आडवा पडला होता. पोरगी बापाला ओलांडून परीक्षेला गेली. ती परत आल्यावर गीताबाईनं नवऱ्याचा हात धरला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ. पुन्हा दारूले शिवले, तं ही मेली समजा." रंगरावनं शपथ घेतली. आधी दवाखाने झाले होते, गंडेदोरे झाले होते, कशाचा उपयोग नव्हता. त्या एका हातानं मात्र काम केलं. त्यानंतर त्यानं थेंबाला तोंड लावलं नाही. पुढं समीक्षाला साधा ताप आला तरी तो बायकोला सांगायचा, "खरंच नाही घेतली वं म्या." नाशिकला तिला डेंग्यू झाला, तेव्हा दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसून तो नर्सलाही तेच सांगत होता. समीक्षा त्याला हसायची. लाडानं हसायची, पण हसायची.

तर बरण्या मांडल्या. रस आंबायला लागला की बोरांचा चोथा वर येऊन तरंगतो. तो सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. समीक्षाला तर नाशिकला परत जायचं होतं. इकडे कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यापासून रंगराव घरात रिकामा बसलेला, त्याला कोणी काही विचारत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, हे काम तुमीच करा. माहा सारा प्रयोग तुमच्या हातात हाय."

म्हातारा असा खुलला म्हणता! धुतलेला सदरा घालून बरण्यांपाशी जाऊ लागला. गीताबाई म्हणाली, "बोक्याले दुधाची राखण देऊन राह्यली तू." समीक्षा आईवर रागावली. बापावर एवढाही भरवसा नाही का, म्हणाली. पोरीला बापाला मान द्यायचा होता. तिच्यावर चिडावंसं वाटतं खरं, पण यात तिचं मन कुठं वाईट होतं?

पहिले काही दिवस रंगराव फोनवर वासाची खबर द्यायचा. आज कच्च्या बोरावानी, आज गुळावानी, आज मधावानी येऊन राह्यला. मग ते बंद झालं आणि भलतेच फोन सुरू झाले.

"बरी हायस ना?"

"हाव, बाबा."

"अंग गरम नाही ना?"

"नाही."

"रस्ता पाहून ओलांडत जाय."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "काही नाही, तुहा आवाज आयकासाठी केला." दिवसभर हेच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, "नशीबवान आहेस गं, किती जीव लावतात." समीक्षाला आतून फार बरं वाटायचं. लहानपणी ज्या बापाची वाट पाहिली, तो आता कुठं मिळाला असं तिला वाटत होतं.

रस निवळला तशी ती गावाला आली. बरण्या काठोकाठ भरलेल्या होत्या. बाप वाळला होता. जेवताना घास हातात धरून तिच्याकडेच बघत बसायचा. थंडीनं झाला असेल असा, म्हणत तिनं नमुन्याच्या बाटल्या भरल्या आणि त्याच दिवशी परत निघाली.

प्रयोगशाळेत नमुना यंत्रावर लावला, तर वास निम्माही भरेना. तिनं यीस्टला शिव्या घातल्या. मग दारूचं प्रमाण मोजलं, तेही कमी. आंबटपणा कमी. उरलेली साखर, तीही कमी. तेव्हा मात्र ती थांबली. यीस्ट असं करत नाही. साखर घटली तर दारू वाढायला हवी, कारण एकाचंच दुसरं होतं. सगळंच एका मापानं घटलं, तर त्याला कारण एकच. पाणी. कोणीतरी बरणीतून रस काढला होता आणि तेवढंच पाणी वर ओतलं होतं.

पुढचं तिला यंत्रानं सांगावं लागलं नाही. ते फोन कशाचे होते, हे तिला कळलं. घोट घेतला की तो माणूस पोरगी मेली की काय ते बघत होता. ती जिवंत आहे हे ऐकून घटकाभर त्याच्या जिवात जीव यायचा. मग पुन्हा भीती, ती सहन होईना की पुन्हा बरणी. घरभर बोरांचाच दर्प, त्यात गीताबाईला नवऱ्याच्या तोंडाचा वास कुठून कळणार? समीक्षा तिथंच स्टुलावर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती नांदुऱ्याला उतरली आणि तशीच गावी गेली. रंगराव मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता.

"समजलं तुले?" तो म्हणाला.

"हाव."

"आधी वासच घेत होतो वं. तुले सांगाचा राहे ना. मंग एक थेंब जिभेवर ठेवला. तेवढाच म्हटलं." त्यानं तिचं मनगट धरलं, चाचपलं, सोडेना. "म्या मारलं तुले बाई. रोज मारलं."

बापाच्या तोंडून असं ऐकल्यावर कोणती लेक गप्प राहील? समीक्षानं त्याला जवळ घेतलं. "बाबा, मले पाहा बरं. झालं काही मले? शपथेनं कोणी मरत नाही. तुमी उगीच जीव जाळून राह्यले."

"काहीच होत नाही?"

"काहीच नाही."

रंगरावनं दोनतीनदा विचारलं, तिनं दोनतीनदा सांगितलं. मग तो लहान पोरासारखा रडला, रडून झाल्यावर हसला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. समीक्षाला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून नीट झालं.

गीताबाईनं सगळं ऐकलं होतं. ताटं उचलता उचलता ती हळू आवाजात म्हणाली, "काऊन सांगतलं तू त्याईले हे?"

"माय, ते भीतीनं मरून राह्यले होते."

"त्या भीतीवरच तं इतके वर्सं जगले."

समीक्षानं उठून सगळ्या बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. प्रयोग गेला खड्ड्यात. पण दारू काय जगात तिच्याच बरण्यांत होती? दुपारी रंगराव "जरा येतो" म्हणून चपला घालून बाहेर पडला. कोणी अडवलं नाही.

तो दिवेलागणीला आला. फार तोल जात नव्हता. चेहरा मात्र शांत होता, गेल्या कित्येक दिवसांत नव्हता इतका शांत. वास दारातूनच आला आणि गीताबाई तोंडाला पदर लावून आत गेली. रंगराव लेकीसमोर बसला, तिला डोळे भरून पाहिलं.

"बरी हायस ना?"

"हाव."

"मंग झालं तं."

समीक्षानं त्याचा हात ओढला आणि आपल्या डोक्यावर दाबून धरला. "बाबा, पुन्हा घ्या शपथ. मी खोटं बोलली होती. मरते, शपथेनं मरते माणूस. घ्या ना."

रंगरावनं तिच्या केसांवरून हात फिरवला, अगदी मायेनं, आणि मग काढून घेतला.

"नाही वं," तो म्हणाला. "तू शिकेल पोरगी. तू कायले खोटं बोलशीन मले?"