सोडलेले तीन मीटर

मी एक सोडलेली जागा बोलते आहे. अम्मानच्या पूर्वेकडील टेकडीवर, अबू राकानच्या, म्हणजे राकानच्या बापाच्या, घराची भिंत आणि शेजाऱ्याचे कुंपण यांच्यामधले तीन मीटर म्हणजे मी. नियमांच्या पुस्तकात मला ‘सामासिक अंतर’ असे भारदस्त नाव आहे.

इतर वस्तू कुणी घडवल्या म्हणून जन्माला येतात. मी गवंडी थांबला म्हणून जन्मले. अभियंत्याने नकाशावर तुटक रेघ ओढली आणि म्हणाला, “हा भाग निवासी, क वर्ग. बाजूला तीन मीटर सोडायचे. उजेडासाठी, वाऱ्यासाठी.”

“जमीन माझी, दगड माझा, आणि वारा शेजाऱ्याचा?” अबू राकान म्हणाला.

“वारा दोघांचा. घर तेवढं तुझं.”

मोकळी जागा दिसली की माणसांना तिची दया येते आणि ती तिच्यात काहीतरी आणून ठेवतात. माझ्यात गळकी टाकी आली, बिघडलेला फ्रीज आला, एका निवडणुकीचे फलकही आले. अबू राकानची आई हज्जा फिद्दा हिने एके दिवशी ते सारे भंगारवाल्याला देऊन टाकले. तेव्हापासून दुपार कलली की ती माझ्यात खुर्ची टाकून बसे, भात भरून शिजवायची द्राक्षाची पाने निवडी आणि कुंपणापलीकडच्या स्वयंपाकघराशी गप्पा मारी. नियमकर्त्यांना अभिप्रेत असलेला माझा उपयोग आयुष्यभरात एवढा एकच झाला.

पुढे हज्जाचे गुडघे गेले. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. ती भिंत धरून दिवसातून कशीबशी एकदा उतरे. “आईला खाली खोली हवी,” मुलाने ठरवले. तळमजल्यावर भाडेकरू होता. तो हलवावा, हा विचार मात्र कुणाच्या मनाला शिवला नाही. खोली माझ्यावर बांधायची ठरली, आणि विटा येऊन पडल्या. खोली उभी राहिली की मी संपणार होते. मातृभक्तीपुढे माझे काय चालणार?

शेजारचा अबू यझन, व्यवसायाने औषधविक्रेता, कुंपणाशी आला. “तुझी भिंत माझ्या बायकोच्या चुलीपुढं येऊन बसणार! ती दिवसा दिवा लावून कांदा चिरणार का?” त्याने तक्रार केली. निरीक्षक आले, फीत लावली आणि म्हणाले, “शेजाऱ्याची लेखी संमती आणा, मग अर्ज पाहू. नाहीतर विटा उचला.”

आता आमच्याकडे संमती मागण्याची एक रीत आहे. मुलीला मागणी घालायची असो की खुनाचा समेट, वडीलधारी माणसे घरी जातात, पुढ्यात आलेली कॉफी तशीच ठेवतात आणि मागणे मान्य झाल्यावरच पेला उचलतात. माझ्यासाठीही तेच झाले. गल्लीतला वडीलधारा हाजी जदआन, अबू राकान धरून अकरा जणांना घेऊन, अबू यझनच्या दिवाणखान्यात बसला. खिडकी माझ्याच बाजूला उघडी होती.

“मुलगी मागायला आलात की भिंत?” अबू यझनने विचारले.

“मुलगी सोपी असते रे. तिला नकाशा लागत नाही.” हाजीने पुढ्यातला पेला बाजूला सारला. “एका म्हातारीच्या गुडघ्यांसाठी आलोय. आता तूच बोल.”

बारा पेले निवत होते. रिकाम्या हाताने पाहुणे परतवले, तर उद्या अबू यझनच्या दुकानाची पायरी कोण चढेल?

“हज्जा मला आईसारखी,” अबू यझन कडू तोंडाने म्हणाला. “जागा तिला दिली. प्या कॉफी.”

“जदआन, पेला खाली ठेव!” खिडकीखालून आवाज आला. हज्जा माझ्यातच बसली होती. “माझ्या नावानं मागणी घातलीत, नवरीला विचारलंत का?”

“आई, तू वर जा,” अबू राकान म्हणाला.

“गुडघे देतोस का तुझे?” ती म्हणाली. “अबू यझन, जागा मला दिलीस ना?”

“दिली, हज्जा.”

“सगळ्यांनी ऐकलंत? मग ती माझी. मी ती मोकळी ठेवणार. आणि राकानच्या बापा, तळमजला रिकामा कर. तुला वाढवताना मी भाडं नव्हतं घेतलं.”

दिलेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून कुणाला हरकतही घेता आली नाही. हाजीने थंड कॉफी एका घोटात संपवली. नियम, नकाशा आणि निरीक्षक यांच्याने जे झाले नाही, ते एका खिडकीखाली झाले. नगररचनेच्या पुस्तकात अर्थातच त्याची नोंद नाही.

विटा गेल्या. भाडेकरूही गेला, कुरकुरत. हज्जा आता तळमजल्यावर राहते. दार उघडले की मी तिच्या पुढ्यात.

मी काही मागत नाही. मागणाऱ्यांनीच मला जवळजवळ संपवले होते. परवा तक्रारीचा निकाल लावायला निरीक्षक पुन्हा आले. माझ्या मधोमध उभे राहून त्यांनी चहूकडे पाहिले.

“इथं काय आहे?”

“काही नाही,” अबू राकान खाली मान घालून म्हणाला.

“उत्तम,” निरीक्षक म्हणाले. “असंच राहू द्या.”