घड्याळजीचा बैल

घड्याळजीचा डावा डोळा काचेचा होता. तरुणपणी गावाकडे त्यानं उधळलेल्या बैलापुढून एक लेकरू ओढून काढलं तेव्हा शिंग लागलं, ही कथा गल्लीला तोंडपाठ होती. तिच्याच जोरावर त्याचं लग्न जमलं होतं. उजव्या डोळ्याला भिंग लावून तो गिऱ्हाइकांना म्हणे, "माझं बरंय, दुसरा डोळा मिटायचे कष्ट नाहीत."

चार वर्षांच्या लेकीच्या डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. ती औषधांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं.

"आता रेडिएशन देऊ, डोळा वाचेल. फक्त घरात कुणाला लहानपणी असलं काही झालं होतं का? हे रक्तातून आलेलं असेल, तर रेडिएशन दिल्या जागी पुढे दुसराच कॅन्सर उठायची भीती फार. मग डोळा काढलेला बरा."

"छे हो," बायको म्हणाली. "यांचा डोळा तर बैलानं फोडला. सांगा ना हो!"

घड्याळजीनं तोंड उघडलं. बैल सवयीनं धावून आला. इतकी वर्षं इमानानं राबलेला तो, आता लेकीचा डोळा वाचवायलाही तयार होता. पुढचं पुढे.

"बैल नव्हता," घड्याळजी म्हणाला. "गाठच होती. दीड वर्षाचा होतो. आई म्हणायची, बोललास तर मुलगी कोण देईल?"

बायको त्याच्याकडे वळली.

"बैल नव्हता हे मला लग्नाच्या महिन्यातच कळलं. रस्त्यात गाय दिसली तरी माझ्यामागे लपता. वाटलं, जिन्यावरून पडला असाल. चारचौघांत तुमची शोभा नको, म्हणून मीही बैल सांभाळला." मग तिचा आवाज फाटला. "पण गाठ होती तर सांगायचंत हो! जन्मल्यापासून डोळे तपासून घेतले असते तिचे."

या वेळी बैल धावून आला नाही.

डोळा काढला. काचेचा बसवला, बापासारखाच डावा.

काही महिन्यांनी दुकानात एका गिऱ्हाइकानं पोरीला विचारलं, "काय गं झालं डोळ्याला?"

"बैलानं मारलं," ती ठसक्यात म्हणाली. "बाबांना एकच होता. मला दोन होते."

घड्याळजीनं भिंग काढून ठेवलं. "नाही हो. गाठ होती. माझ्याकडून आलेली."

पोरीनं बापाकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, "बाबा घाबरतात बैलाला."