तिसरा खांब

मुलाने टेबलावर दोन तुकडे ठेवले. एक लाकडाचा, हातभर लांब, कडा घासलेल्या. दुसरा पांढराशुभ्र, आतून पोकळ. "हे व्हिनाइल," तो म्हणाला.

"प्लास्टिक म्हण की सरळ," मी म्हणालो.

"बरं, प्लास्टिक. तुम्ही दोन्ही बघा आणि सांगा. बाबा, ते कुंपण आता कामातून गेलंय. दर दोन महिन्यांनी एक खांब कलतो. असं किती दिवस चालायचं?"

ते कुंपण आपोआप कामातून गेलेलं नव्हतं. ते मी घालवलं होतं. पण हे टेबलावर बसून मुलाला कसं सांगणार?

मी पाणीखात्यात चौतीस वर्षं काढली. माझं काम गळती शोधायचं. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खालचं पाणी ऐकायचं. पाणी कुठून जातंय हे मला डांबराखालून कळायचं. घरात काय चाललंय ते मात्र कळायचं नाही, असं ही म्हणायची. ही म्हणजे माझी बायको. सहा वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर आठवड्याभराने मुलगा म्हणाला, "बाबा, आमच्याकडे राहायला चला." तो मनापासून म्हणत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणालो, "तुझ्या घरात पाहुणा म्हणून बसायला मी येणार नाही." का म्हणालो? जीभ आहे ती, चालते. तो म्हणाला, "तुमची मर्जी." आणि त्याने ती मर्जी अगदी काटेकोर पाळली.

त्यानंतर तो यायचा तो कुंपण रंगवायला. वर्षातून एकदा, दोन दिवस. लाकडाला वर्षाला एक हात लागतोच, नाहीतर फळ्या फाटतात. पहिल्या वर्षी नातही आली होती. खालच्या फळ्या तिच्या, वरच्या बापाच्या, आणि मी खुर्चीवर बसून दोघांच्या चुका काढत होतो. माझा तेवढाच आनंद. पुढल्या वर्षी नातीला क्लास होता. त्याच्या पुढल्या वर्षी दोन दिवसांचा एक दिवस झाला. सकाळी आला, भराभर ब्रश मारला, चहा उभ्यानेच प्यायला आणि संध्याकाळच्या आत निघाला. त्याचं ताट मी वाढून ठेवलं होतं, ते मीच जेवलो.

मग मी तो उद्योग केला. बागेच्या नळाला एक बारीक नळी लावली आणि तिचं टोक तिसऱ्या खांबाच्या बुडाशी मातीत खोचलं. नळ इतकाच सैल ठेवला की थेंब थेंब पडत राहावा. चौतीस वर्षं जे बंद करत फिरलो तेच मी घरी सुरू केलं. एका जागी पाणी मुरत राहिलं की लाकूड आतून कुजतं आणि वरून शहाण्यासारखं उभं राहतं. सात महिन्यांत खांब कलला. मी फोन केला. "कुंपण पडतंय रे." रविवारी तो हजर. पहार घेऊन खणलं, नवा तुकडा जोडला, घामाघूम झाला, आंघोळ केली आणि माझ्यासमोर बसून पोटभर जेवला. मी स्वतःवर असा काही खूश झालो की विचारू नका. तो गेला तसा मी नळी पाचव्या खांबाकडे वळवली. पुढे नळीला फाटे जोडून मी तिसऱ्यासकट चार-पाच खांब एकदम भिजवू लागलो. एखादा कलला की मी फोन करायचो, आणि तो यायचा. शेवटच्या वर्षी तर पाच वेळा आला.

आता तो समोर बसून दोन तुकड्यांबद्दल बोलत होता. मी लाकडाचा तुकडा हातात घेतला. "लाकूड दुरुस्त होतं. प्लास्टिक तडकलं की संपलं."

"तडकत नाही सहसा. पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे."

"पंचवीस? माझं वय काय?"

तो हसला नाही. "लाकूड घेतलं तर दर वर्षी तेल, दर वर्षी रंग. याला काही लागत नाही. पाइपने धुतलं की झालं. हात लावायला नको."

"मग लाकडाला लावू की हात. काय बिघडलं?"

"कोण लावणार?"

तो माझ्याकडे बघत होता. सरळ, पापणी न लववता. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज सुरू झाला तरी तो बघतच होता. त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं, तू. लाकूडच घे आणि तू येत जा. पाच-सहा शब्द. खोटं कशाला बोलू, ते ओठापर्यंत आले होते. आणि मी काय म्हणालो? "मी लावीन. माझे हात काय मोडलेत?"

त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. खुर्चीतून उठताना मी टेबल धरतो, ते त्याला माहीत आहे. "घर तुमचं आहे," तो हळू म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करू. लाकूड म्हणा, लाकूड बसवू."

"मला काय करायचंय? लाव तुला हवं ते."

त्याने दोन्ही तुकडे पिशवीत टाकले. "मग व्हिनाइल," तो म्हणाला.

पुढल्या शनिवारी कुंपणाची माणसं आली. त्यांची मुकादम एक चाळिशीची बाई होती, खणखणीत आवाजाची, कमरेला मापाची टेप. तिने पहिला खांब हलवून पाहिला. तो हलेना. दोघांनी पहार लावून उपटला तेव्हा त्याच्याबरोबर मातीचा गड्डाच वर आला. दुसराही तसाच. तिसरा मात्र तिच्या एका हाताने निघाला. बुडाशी काळा भुसा झाला होता. माझ्या मुलाने जोडलेला तुकडासुद्धा कुजला होता. तिने तो बोटाने कुस्करला.

"काका, इथे पाइप फुटलाय का कुठे? बाकीचं लाकूड ठणठणीत आहे हो. चार-पाच खांब सोडले तर अजून पंधरा वर्षं कुणी हात लावला नसता. काढलंत कशाला?"

मी काही बोलायच्या आत मागून मुलगा म्हणाला, "पाइप फुटलेला नाही. बाबांच्या घरात पाइप फुटला तर त्यांना कळणार नाही का?"

बाई चौथ्या खांबाकडे वळली. मी नळापाशी जाऊन उभा राहिलो, तोही मागोमाग आला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्यांदा खांब कलला तेव्हापासून. ऐन उन्हाळ्यात सगळी बाग वाळलेली आणि तेवढीच वीतभर माती ओली. लहानपणी तुम्हीच शिकवलंत, ओल दिसली की उलट मागे जायचं. गेलो तर नळापाशी आलो."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. म्हटलं, एखाद्या दिवशी फोन येईल आणि त्यात कुंपण नसेल. नुसतं ये म्हणतील." तो नळाकडे बघत बोलत होता. "त्या दिवशी टेबलावर दोन तुकडे ठेवले, तेव्हाही वाट बघितली. कोण लावणार, असं विचारलंसुद्धा. बाबा, मी कितीदा खड्डे खणले तुमच्यासाठी. एकदाही तोंडाने ये म्हणवलं नाही तुम्हाला?"

"म्हटलं असतं तर आला असतास?" मी विचारलं. विचारलं तेही भांडल्यासारखं.

"आता ते कशाला सांगू?"

त्याने नळी मातीतून ओढून काढली, गुंडाळली आणि जुन्या फळ्यांच्या ढिगावर टाकली. मग गाडीतून पाना आणला, नळ उघडला आणि आतला वायसर बदलला. कुठे किती आवळायचं हे त्याला बरोबर माहीत होतं, मीच शिकवलेलं. नळ घट्ट बंद झाला. त्याने तळहात खाली धरून खात्री केली, मिनिटभर. एक थेंब पडला नाही.

संध्याकाळपर्यंत कुंपण उभं राहिलं. पांढरं, एका रेषेत, ओठ घट्ट मिटल्यासारखं. बाईने गॅरंटीचं कार्ड माझ्या हातात दिलं. काही झालं तर या नंबरवर फोन करा, चोवीस तासांत माणूस येईल, असं तिने दोनदा सांगितलं. मुलाने ते कार्ड फ्रिजवर चिकटवलं आणि "निघतो" म्हणाला. मी "हं" म्हणालो. जेवून जा म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, म्हणालो नाही.

याला आठ महिने झाले. रंगवायचा महिना आला तसा गेला. कुंपणाला काहीही झालेलं नाही. मी रोज सकाळी त्याच्या कडेने चालतो आणि एकेक खांब हलवून बघतो. सगळे घट्ट आहेत.

रविवारी त्याचा फोन येतो. बाराच्या सुमारास, न चुकता.

"कुंपण ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"नळ गळत नाही ना?"

"नाही."

विचारायचं संपलं तरी तो लगेच फोन ठेवत नाही. तेवढा वेळ तो मला देतो, अजून देतो, हे मला कळतं. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. चौतीस वर्षं मी जमिनीखालचं ऐकलं आहे, हे ऐकू येणार नाही का?

"अरे," मी म्हणतो.

"हं, बोला ना बाबा."

"तुमच्याकडे पाणी नीट येतं ना?"

"येतं," तो म्हणतो, आणि ठेवतो.