अंबुबाईंची कवळी

इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने मिनलला महाळुंग्याच्या केंद्रावर काढायचे होते. तिच्या डेंटल कॉलेजने गावात दोन खोल्या घेऊन दोन खुर्च्या टाकल्या होत्या. सकाळी कॉलेजची गाडी पिंपरीहून निघायची आणि कंटेनरांच्या मागे रांगत दहापर्यंत पोचायची. देखरेखीला निशिगंधा मॅडम असायच्या. त्या फारसं बोलत नसत. काम बघून त्यांनी भुवई उचलली की इंटर्नने समजून घ्यायचं, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच आठवड्यात अंबुबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, तोंडात एकही दात नाही. "भाकरी चावून सहा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "समदं आपलं कुस्करून गिळायचं."

मिनलने तोपर्यंत पूर्ण कवळी एकटीने केलेली नव्हती. कॉलेजात माप एकजण घ्यायचा, दात दुसराच लावायचा. इथे मॅडमनी सगळं तिच्यावर सोपवलं. अंबुबाई पाच वेळा चालत आल्या. खालची हिरडी झिजून अगदी सपाट झाली होती, तिचं माप मिनलने तीनदा घेतलं. दातांचा रंग निवडताना अंबुबाई म्हणाल्या, "लई पांढरं नगं, लोक हसतील." कवळी तयार झाली तेव्हा मॅडमनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "छान झाली आहे." मिनलने त्या कवळीचा फोटो घरी वडिलांना पाठवला. त्यांनी तो आपल्या कंपनीतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला.

आठवड्याने तपासणीला अंबुबाई कवळी घालूनच आल्या. मॅडम मागे उभ्या होत्या.

"बरी बसली आहे ना आजी? त्रास काही नाही ना?"

"न्हाई बाय. झ्याक हाय."

मिनलने कार्डावर लिहिलं, 'तक्रार नाही.'

पुढच्या पंधरवड्यात इंटर्नना घरोघरी पाहणी करायची होती. घरात किती माणसं, मिश्री कोण लावतं, तंबाखू कोण खातं, असा तो फॉर्म होता. दुपारी एकच्या सुमाराला मिनल दोन कंपन्यांच्या पत्र्याच्या शेडच्या मधोमध असलेल्या एका घरापाशी आली. दार उघडंच होतं. आत अंबुबाई जेवायला बसल्या होत्या. ताटात आमटीत बुडवलेली भाकरी, आणि त्या ती बोटांनी कुस्करत होत्या. तोंडात कवळी नव्हती.

मिनलला बघून त्यांनी पटकन तोंडावर पदर घेतला.

"आजी, दात कुठे आहेत?"

अंबुबाईंनी ताट बाजूला सरकवलं. त्यांची सून सुमनताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तीच म्हणाली, "डब्यात हायेत. लग्नाला, बारशाला तेवढं घालत्यात. एरवी टोचतं म्हणून काढून ठेवत्यात."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"तू एवढी मेहनत केलेली," अंबुबाई हळूच म्हणाल्या. "आन तुझी मॅडम मागं उभी. तिच्या म्होरं कसं सांगू, हिचं काम चुकलंय म्हून? तुला बोलली असती ती."

मिनल तिथेच जमिनीवर बसली. हात धुऊन तिने मोबाईलच्या उजेडात अंबुबाईंचं तोंड पाहिलं. जिभेखाली डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी लालभडक जखम होती. तीन आठवडे आपण ज्या कवळीचा फोटो दाखवत होतो, तिनेच ही जखम केली, हे तिच्या लक्षात आलं.

"आता ही जखम बरी होईपर्यंत कवळी घालू नका. सोमवारी केंद्रावर या," ती म्हणाली. "आणि येताना भाकरी घेऊन या."

"भाकरी?"

"हो. तिथे खाऊन बघायची."

संध्याकाळी तिने मॅडमना सगळं सांगितलं. कार्डावरचं वाक्यही दाखवलं. मॅडमनी भुवई उचलली नाही. त्या म्हणाल्या, "त्रास नाही ना, असं विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. काल काय खाल्लं ते विचारायचं. आणि मीही तिथे उभं राहायला नको होतं."

सोमवारी अंबुबाई फडक्यात भाकरी आणि मेथीची भाजी बांधून आल्या. मिनलने खालच्या कवळीला आतून पांढरी पेस्ट लावून ती बसवली. जिथे कड रुतत होती तिथली पेस्ट पुसली गेली. तेवढीच कड तिने घासली, गुळगुळीत केली, पुन्हा बसवली. मग अंबुबाईंनी खुर्चीत बसूनच एक घास खाल्ला. बाहेर बाकावर बसलेले दोन कामगार आपलं दुखणं विसरून बघत राहिले.

"इथं लागतंय अजून," अंबुबाईंनी बोट ठेवलं. मिनलने पुन्हा घासलं. दुसऱ्या घासाला त्यांनी उजव्या बाजूला बोट दाखवलं.

असं तीन सोमवार चाललं. वरची कवळी घट्ट बसली. खालची मात्र शेवटपर्यंत थोडी हलायचीच, तेवढ्या सपाट हिरडीवर ती त्याहून धरणार नव्हती. मिनलने तेही अंबुबाईंना स्पष्ट सांगितलं. शेंगदाणे जमणार नाहीत, भाकरी लहान घास घेऊन दोन्ही बाजूंनी चावायची.

मिनलचा केंद्रावरचा शेवटचा आठवडा होता. अंबुबाई दारातूनच बोलत आल्या. आज निशिगंधा मॅडम खुर्चीजवळच होत्या.

"मॅडम, ऐका जरा," अंबुबाई म्हणाल्या. "ह्या पोरीनं केलेली कवळी. भाकरी खाती मी, रोज अर्धी. पर मटणाला न्हाई चालत. कालच्याला लई तरास झाला. काय तरी करा."

मॅडमनी मिनलकडे पाहिलं. मिनलने हातमोजे चढवले आणि खुर्ची खाली केली.

"बसा आजी," ती म्हणाली. "कुठल्या बाजूने चावत होतात, ते आधी सांगा."