बसून न वाजणारी धून

“काका, पुन्हा घेऊ,” काचेपलीकडून सुरभी म्हणाली. ही सहावी वेळ होती.

श्रावणभाऊने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि तापलेली कढई उतरवावी तसा कानावरचा हेडफोन उतरवला. आमच्या ‘मनमोर बँड, आर्वी’चा हा दुसरा अल्बम. पहिली कॅसेट निघाली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते, यावरून काय ते समजा. तीस वर्षं लोकांच्या वरातीत आम्ही आमच्या स्वतःच्या धुनी मधेमधे घुसवत आलो, नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. त्यातल्याच सात निवडून आमचे मास्तर बंडूजी सगळ्यांना सावंगीच्या या स्टुडिओत घेऊन आले होते. सहा झाल्या. मी साइड ड्रमवाला हिरालाल, माझं काम सकाळीच उरकलं होतं. राहिली होती सातवी, पाठवणीची धून, आणि ती श्रावणभाऊची होती.

श्रावणभाऊ तळेगावचा, भाजीपाल्याची शेती करणारा. सकाळी वांगी तोडायची, संध्याकाळी लाल कोट चढवायचा, असं चाळीस वर्षं चाललंय. त्याच्यासारखं क्लॅरिनेट अख्ख्या जिल्ह्यात कोणी वाजवत नाही. हे मी त्याच्या तोंडावर म्हणणार नाही, डोक्यात जाईल त्याच्या. पण खरं आहे. त्याने फुंकलं की नाचणारी पोरंसुद्धा थबकतात. आणि हाच माणूस आज खुर्चीवर बसून शिकाऊ पोरासारखा अडखळत होता. दर वेळी दुसऱ्या ओळीत श्वास तुटायचा, नेमका तिथेच.

सुरभी रेकॉर्डिंग करणारी, मुलगी गुणाची. तिने बंडूजींना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की पाचला दुसरी मंडळी येणार आहेत. नागपूरचा एक वादक तिच्या ओळखीचा आहे, तो ही धून तासाभरात वाजवून देईल. हळूच कसलं, सगळ्यांनी ऐकलं. श्रावणभाऊनेही ऐकलं. तो मान खाली घालून क्लॅरिनेट पुसत बसला. दुसऱ्याने वाजवायचं मला काही पटलं नाही.

कारण ही धून कुठली ते मला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी पौर्णिमाच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नासाठी त्याने ती बांधली होती. पाठवणीच्या वेळी बापाने गाडीपाशी उभं राहायचं, तर हा पठ्ठ्या लाल कोट घालून बँडमध्ये. माझ्या पोरीची पाठवणी दुसरा कोण वाजवन, असं म्हणाला. आता बँड चालतो गाडीच्या पुढे. म्हणजे गावाच्या शिवेपर्यंत लेक मागे रडते आहे आणि बाप तिच्याकडे पाठ करून वाजवतो आहे. शिवेवर आम्ही बाजूला झालो, गाडी पुढे निघून गेली, तेव्हा काच वर होती. त्या काचेत त्याला नुसतं आभाळ दिसलं. त्याची बायको, आमच्या आनंदावहिनी, त्यावरून त्याला आजही बोलतात. पौर्णिमा कधी काही बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं.

ती इथेच सावंगीला नर्स आहे. दोनच्या ड्यूटीआधी आमच्यासाठी डबा घेऊन आली आणि बापाचा सातवा प्रयत्न फसताना दारातून पाहत राहिली.

“बाबा, बसून काऊन वाजवून राह्यले?” ती म्हणाली. “तुम्ही कधी बसून वाजवलं का?”

बाप्पा! आम्ही एवढे जण होतो, एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

चालत वाजवायचं तर खोली चार पावलांची, म्हणून सुरभीने बाहेरच्या गच्चीचं दार उघडलं. क्लॅरिनेटला छोटा माइक अडकवला. त्याची लांब वायर पायात येऊ नये म्हणून कोणीतरी ती मागून उचलून धरायला हवी होती. मी उठेपर्यंत पौर्णिमाने ती हातात घेतलीसुद्धा.

श्रावणभाऊने चपला काढल्या. पहिलं पाऊल टाकलं आणि सूर लागला. जिथे सात वेळा श्वास तुटला होता, तिथून तो असा काही सहज गेला की बंडूजींनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू. मागे पौर्णिमा त्याच्या पावलाला पाऊल लावून चालत होती.

पण गच्ची म्हणजे काही गावचा रस्ता नव्हे. पंधरा पावलांवर कठडा आला आणि त्याला वळावं लागलं. वळला, तर समोर लेक. दोन्ही हातांत वायर, गाल ओले.

मला वाटलं, गेला आता श्वास. पण थांबले ते फक्त त्याचे पाय. तिच्याकडे बघत, एका जागी उभं राहून त्याने उरलेली धून वाजवली, पार शेवटच्या सुरापर्यंत.

काचेमागून सुरभीने हात वर केला. झालं होतं.

“त्या दिवशी वळलो असतो तर सूर तुटला असता, माय,” श्रावणभाऊ म्हणाला.

“मले आयकू येत होता न बाबा, शिवेपर्यंत.”

पाठवणीची धून संपली की बँड बाजूला होतो आणि गाडीला वाट देतो. चाळीस वर्षांची सवय. श्रावणभाऊ कठड्याला लागून उभा राहिला, वाट मोकळी करून. लेकीच्या ड्यूटीचे दोन वाजून गेले होते. पौर्णिमा तिथेच उभी राहून सावकाश वायर गुंडाळत होती.